ही गिटार त्या गिटारपेक्षा खरंच चांगली आहे का?

दुकानात दोन ॲकूस्टिक गिटारी शेजारी टांगलेल्या आहेत असं समजा. एक दहा-बारा हजारांची, दुसरी लाखाच्या घरातली. आकार तोच, टॉप म्हणजे पुढची फळी फिकट, मागची बाजू गडद. घेणाऱ्याला एवढंच हवं असतं की महागडी खरंच चांगली आहे की नुसतीच महाग आहे, हे कुणीतरी सांगावं. यावर दोन ठरीव उत्तरं मिळतात. ‘शेवटी ज्याची त्याची आवड’ हे एक, आणि ‘लाकूड बघा’ हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. एक गिटार दुसरीपेक्षा चांगली असते, नक्की असते, आणि त्यातला मोठा भाग स्टीलच्या पट्टीने आणि ट्यूनरने मोजता येतो. हा भाग बहुतेक वेळा थोड्या खर्चात दुरुस्तही होतो. तो दुरुस्त केल्यावर जो फरक उरतो त्यात टॉपची बांधणी सगळ्यात वजनदार. आवडीनिवडीचा प्रांत त्याच्या पुढे सुरू होतो.

आधी सुराचं बघू, कारण बेसूर वाजणारी गिटार कितीही गोड आवाजाची असली तरी उपयोगाची नाही.

फ्रेट म्हणजे मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्यांच्या जागा गणिताने ठरतात. तारा डोक्याकडे ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तो नट; टॉपवर चिकटवलेल्या ठोकळ्यातल्या, म्हणजे ब्रिजमधल्या, ज्या पट्टीवर टेकतात ते सॅडल. नटपासून सॅडलपर्यंतची लांबी म्हणजे स्केल. ती 17.817 ने भागली की नट आणि पहिला फ्रेट यांतलं अंतर मिळतं. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागायची, की दुसरा फ्रेट मिळतो. मार्टिन कंपनीच्या डी-28 या गिटारीचं स्केल 645 मिलिमीटर आहे, म्हणून तिचा पहिला फ्रेट नटपासून 36.2 मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. हल्ली स्वस्त गिटारीतही फ्रेटच्या खाचा मशीनवर कापतात, त्यामुळे तिथे चूक क्वचित होते. चूक होते ती दोन टोकांना: नटला आणि सॅडलला.

तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. तो चढ भरून काढायला सॅडल गणिताच्या जागेपेक्षा साधारण 2 ते 4 मिलिमीटर मागे बसवतात, जाड तारांकडे जास्त मागे. सॅडल तिरकं दिसतं ते म्हणून. तपासायला सोपं आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा आणि ट्यूनरवर तो शून्यावर आणा. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. फरक 3 सेंटच्या आत असेल तर उत्तम. (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) फरक 7-8 सेंटच्या पुढे गेला की वरच्या फ्रेटवरचे कॉर्ड कानाला टोचू लागतात. 645 मिलिमीटरच्या स्केलवर सॅडल 1 मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर बाराव्या फ्रेटवर सुमारे 2.7 सेंटचा फरक पडतो. सॅडल 3 मिलिमीटर जाड असेल तर त्याचा माथा पुढे किंवा मागे घासून तार टेकायची जागा एकेका बाजूला जेमतेम 1 मिलिमीटर हलवता येते. म्हणजे 2-3 सेंटची चूक दुरुस्त होते, 10 सेंटची नाही. नव्या तारा आणि योग्य ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) असतानाही सगळ्याच तारा 10 सेंट चढत किंवा उतरत असतील, तर ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवला आहे. ती गिटार घेऊ नये. दुसरी कुठलीही गिटार तिच्यापेक्षा चांगली, आणि यात आवडीचा काही संबंध नाही. मात्र हे सगळं नव्या तारांवरच तपासायचं. गंजलेल्या, जागोजागी खड्डे पडलेल्या तारेची जाडी सारखी नसते, आणि ती चांगल्या गिटारीलाही बेसूर ठरवते.

नटची चूक याहून जास्त आढळते आणि तिच्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम थोड्या उथळ ठेवतात, कारण खोल खाच परत सहज भरता येत नाही आणि उथळ खाच कधीही कानसता येते. दुकानदार ती कानसत नाही आणि गिटार तशीच घरी येते. मग मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर बरोबर असतात, पण ‘सी’ किंवा ‘ई’ कॉर्ड धरला की काहीतरी खटकतं. पहिल्या फ्रेटवर तार जास्त खाली दाबावी लागते, ती ताणली जाते आणि तिथला सूर दहा-दहा सेंट चढतो. ‘एफ’चा बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) बसत नाही म्हणून गिटार सोडणाऱ्यांतल्या कित्येकांची बोटं नीट असतात, नट उंच असतो.

बघायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटच्या मागे दाबा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये. आता पहिल्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते पाहा. साध्या ए-फोर कागदाची जाडी 0.1 मिलिमीटर असते, तेवढीच फट हवी. जाड तारेला किंचित जास्त चालेल. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर खाच खोल करायला हवी. त्यासाठी त्या-त्या तारेच्या जाडीची कानस लागते, आणि खाच डोक्याकडे उतरती घासावी लागते, म्हणजे तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकते. उलटी उतरली की तार नटमध्येच झणझणते. घाई करून खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटते. मग हाडाची भुकटी आणि सुपरग्लू भरून ती पुन्हा कापावी लागते. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर दोष खुंट्यांचा क्वचितच असतो. तार अरुंद खाचेत अडकलेली असते. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवून पाहा, बरेचदा तेवढ्याने काम होतं.

तंबोरा ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भोपळा कितीही उत्तम असो, जवारी नीट नसेल तर तंबोरा बोलत नाही, आणि मिरजेचा कारागीर घोडीवर चार हात फिरवतो तेव्हा तेच वाद्य वेगळं होतं. गिटारीचा नट आणि सॅडल ही तशीच जागा आहे. दोन गिटारींची तुलना जवारी न लावता करायची म्हणजे कारखान्यातल्या दोन अर्धवट कामांची तुलना करायची.

आता ॲक्शन. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारीला जाड ‘ई’ला 2.4 आणि बारीक ‘ई’ला 1.8 मिलिमीटर हा बहुतेकांना मानवणारा आकडा. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने थोडं वर ठेवावं. पण त्याआधी मानेचा बाक पाहायचा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, चौदाव्यावर बोटाने दाबा, सातव्या फ्रेटवर 0.1 ते 0.25 मिलिमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, घड्याळाच्या दिशेने घट्ट करायचा, एका वेळी पाव फेरी, मग पुन्हा ट्यून करून पुन्हा मोजायचं. तार मधल्या फ्रेटना टेकत असेल तर उलट दिशेने सैल. ट्रस रॉड ॲक्शन कमी करायला नसतो. तो फक्त मान सरळ करतो. ॲक्शन उंच आहे म्हणून रॉड आवळत जाणाऱ्यांच्या हाती मागे वाकलेली मान आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवरची झणझण येते.

ॲक्शन सॅडलवर कमी होते, आणि हिशेब दुप्पट असतो. बाराव्या फ्रेटवर 3.2 चे 2.4 करायचे तर फरक 0.8, म्हणून सॅडलच्या बुडातून 1.6 मिलिमीटर घासायचे. काचेच्या तुकड्यावर 150 नंबरचा सँडपेपर चिकटवा, सॅडलवर पेन्सिलीने रेघ मारा आणि सॅडल उभं धरून घासा. बूड जरा जरी गोल झालं तरी ते ब्रिजला नीट टेकत नाही आणि आवाज पडतो.

पण सॅडल ब्रिजच्या वर फक्त 2 मिलिमीटर उरलं असेल तर घासणार काय? इथे खरा निकाल लागतो. एक लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकलं किंवा थोडं वर राहिलं तर मानेचा कोन ठीक. टोक ब्रिजच्या पोटात अडलं तर मान पुढे झुकली आहे. त्यावर उपाय एकच, मान सोडवून पुन्हा बसवणं, आणि त्याचा खर्च स्वस्त गिटारीच्या किमतीच्या पुढे जातो. सेकंडहँड घेताना मी सगळ्यात आधी हेच बघायला सांगेन. आवाज नंतर ऐका.

इतकं सगळं दोन्ही गिटारींवर करून झालं, दोन्हींना एकाच गेजच्या, म्हणजे जाडीच्या, नव्या तारा लावल्या, की त्यांच्यातला निम्मा फरक जातो असा माझा ठाम अंदाज आहे. उरलेला फरक मात्र खरा असतो आणि तो टॉपमध्ये असतो.

12-53 गेजच्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या 12 हजारांश, सगळ्यात जाड 53) सहा तारा मिळून टॉपला सुमारे 73 किलोच्या जोराने ओढतात. तो ताण सोसायचा आणि तरीही नखाच्या छेडण्याने हलायचं, अशी दुहेरी अपेक्षा 2.5 ते 3 मिलिमीटर जाडीच्या फळीकडून असते. स्प्रूस त्यासाठीच वापरतात: वजनाला हलका, रेषांच्या दिशेने ताठ. आतून एक्स आकाराचे ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, असतात, ही रचना मार्टिनकडे 1840 च्या दशकात रुळली. फळी किती पातळ केली, ब्रेस कुठे खरवडले, पॉलिशचा थर किती जाड दिला, यावर गिटार किती बोलते हे ठरतं. स्वस्त गिटार बनवणारा तुटून परत येऊ नये म्हणून सगळंच जाड ठेवतो. चांगला कारागीर प्रत्येक फळी हाताने वाकवून बघतो आणि जिथवर धोका नाही तिथवर ती उतरवतो. महाग गिटारीत पैसे जातात ते या कामाचे, आणि ते ऐकू येतं.

याच ठिकाणी सॉलिड आणि लॅमिनेट टॉपचा भेद येतो. लॅमिनेट म्हणजे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेली फळी. मधल्या आडव्या थरामुळे रेषांच्या दिशेची ताठरता घटते, गोंद कंप शोषतो. यामाहा एफ310 चा टॉप लॅमिनेट, एफजी800 चा सॉलिड सिटका स्प्रूस. माहितीपत्रकात ‘सॉलिड’ हा शब्द नसेल तर लॅमिनेट समजावं. साउंडहोलच्या कडेला बॅटरी मारून पाहा. पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर सॉलिड, कडेला सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट.

म्हणून सॉलिड नेहमी चांगली का? नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर असते, आणि विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी ती 20 च्या खाली जाते. गिटारीला 45 ते 55 मानवते. पावसाळ्यात सॉलिड टॉप फुगतो, ब्रिजच्या मागे पोट येतं, ॲक्शन चढते. कोरड्या उन्हाळ्यात टॉप आत बसतो, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात आणि शेवटी रेषेच्या दिशेने तडा जातो. सॉलिड गिटार घ्यायची तर केसमध्ये ठेवायची, आत एक छोटा हायग्रोमीटर ठेवायचा, पावसाळ्यात सिलिका जेल आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज. हे वर्षभर सांभाळणं जमणार नसेल आणि गिटार भिंतीवर टांगलेली राहणार असेल, तर लॅमिनेटच जास्त चांगली. पाच वर्षांनीही ती सुरात वाजत असेल.

मागच्या आणि बाजूच्या लाकडाबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं त्यात नाही. 1862 मध्ये अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने टॉप लाकडाचा ठेवून मागची आणि बाजूची अंगं चक्क पुठ्ठ्याची असलेली गिटार बनवली. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. 1995 मध्ये टेलर कंपनीने माल वाहायच्या पॅलेटमधल्या ओकच्या फळ्यांची गिटार करून दाखवली. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने याची रीतसर परीक्षा प्रसिद्ध केली. फाइल्ड या गिटार कंपनीच्या रॉजर बकनल यांनी सहा गिटारी शक्य तितक्या सारख्या बनवल्या, फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड, महोगनी, मेपल, सापेले, अक्रोड. 52 गिटारवादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल लावून त्या वाजवल्या आणि गुण दिले. सहाही गिटारींचे गुण जवळपास सारखे आले. दुर्मीळ ब्राझिलियन रोझवुड स्वस्त सापेलेपेक्षा वर गेलं नाही.

यातून ‘सगळ्या गिटारी सारख्याच’ असा अर्थ काढणं चूक होईल. टॉप, ब्रेसिंग, कारागीर आणि सेटअप (नट, सॅडल, मान यांची जुळणी) या गोष्टी त्या सहांत मुद्दाम सारख्या ठेवल्या होत्या. त्या सारख्या ठेवल्यावर फरक उरला नाही, म्हणजे फरक त्यांच्यातच राहतो. आणि ज्याला जगभर भारतीय रोझवुड म्हणतात ते आपलं शिसव. जुन्या वाड्यांतले पलंग आणि पेट्या ज्याच्या आहेत तेच, सह्याद्रीत वाढणारं लाकूड. मार्टिनने 1969 मध्ये ब्राझिलियन सोडून डी-28 ला हेच लावायला घेतलं. ते देखणं आहे, घट्ट आहे. त्याच्यासाठी पैसे मोजायचे तर दिसण्यासाठी मोजावेत.

एक दोष मात्र चांगल्या, महाग गिटारीतही सापडतो, आणि सेटअपने तो जात नाही. तारेत ऊर्जा तेवढीच असते जेवढी पिकने दिली. गिटार ती खर्च करते. लवकर खर्च केली तर आवाज मोठा पण थोडाच वेळ टिकणारा, हळू केली तर बारीक पण लांब. गिटारीच्या प्रत्येक पेटीचे, म्हणजे पोकळ अंगाचे, स्वतःचे काही सूर असतात. ड्रेडनॉटमध्ये (मोठ्या पेटीची गिटार) आतल्या हवेचा सूर 100 हर्ट्झच्या आसपास, टॉपचा साधारण 170 ते 220 मध्ये. तारेचा सूर नेमका टॉपच्या सुरावर पडला की तो एकदम मोठा वाजतो आणि चटकन मरतो. शोधायला सहाही तारांवर बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवा आणि कोणता लवकर विझतो ते टिपा. समजा तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा ‘जी शार्प’ मेला. तोच सूर चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटला आणि पाचव्या तारेवर अकराव्या फ्रेटला वाजवा. तिथेही मरत असेल तर दोष पेटीचा, तिथे नीट वाजत असेल तर तो एकच फ्रेट सैल किंवा झिजलेला. फ्रेट बदलता येतो. पेटीचा मेलेला सूर दोन फ्रेटच्या मधोमध पडला तर त्रास कमी होतो, बरोबर सुरावर पडला तर कायमचा राहतो. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत हा फरक असतो, म्हणून मॉडेल निवडून झाल्यावरही समोरची गिटार वाजवूनच घ्यावी.

त्यानंतरचं सगळं कामावर अवलंबून. चार जण गाताना साथीला स्ट्रमिंग करायचं तर मोठ्या पेटीची ड्रेडनॉट, एकट्याने बोटांनी वाजवायचं तर लहान पेटीची ओएम. गिब्सन जे-45 चं स्केल 628 मिलिमीटर, म्हणजे त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताण डी-28 पेक्षा सुमारे 5 टक्के कमी. बोटांना मऊ, आवाजाला गोल. इथे कोण चांगलं हा प्रश्नच लागू होत नाही.

तुलना करताना कान फसतात, त्याची काळजी घ्यावी. जास्त मोठ्याने वाजणारी गिटार नेहमी जास्त चांगली वाटते. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. वाजवणाऱ्याला गिटार वरून ऐकू येते आणि श्रोत्याला समोरून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दोन्हींना सारख्या तारा, सारखं पिक, सारखं ट्यूनिंग. वाजवणारा दुसरा, तुम्ही तीन मीटरवर पाठ करून बसलेले. तोच दहा सेकंदांचा तुकडा. प्रत्येक वेळी नाणं उडवून गिटार निवडायची आणि कोणती वाजली ते तुम्ही कागदावर लिहायचं. असं 16 वेळा. नुसत्या अंदाजाने 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी आहे, तेव्हा 12 किंवा जास्त बरोबर आले तर तुम्हाला फरक खरोखर ऐकू येतो. मग त्यातली कोणती आवडली ते वेगळ्या रकान्यात लिहा. 9-10 वरच अडकलात तर स्वस्त गिटार घ्या आणि उरलेल्या पैशांतून आधी नट आणि सॅडलचं काम करून घ्या.